मारुतीशिवायचा किल्ला

पोटात चार घास गेले की शरयूबाईंच्या डोळ्यांवर झापड येते, मग त्या ठाण्यात असोत की जपानात. आत्ता त्या जपानातल्या एका पडक्या किल्ल्याच्या दुसऱ्या दरवाजापाशी, पाइनच्या सावलीत, गवतावर आडव्या झाल्या आहेत. किल्ल्याचे लाकडी मजले, कौलं, सगळं कधीच जळून गेलंय. उरलेत ते उतरते दगडी तट, चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले. सहलीतली बाकीची मंडळी खाली बागेत फोटो काढतायत. रणदिवे तेवढे वर माथ्यावर गेलेत. जाताना म्हणालेत, "तुम्ही पडा निवांत. पण मी खाली आलो की उत्तर द्या हं. हो किंवा नाही, काहीही चालेल."

काहीही चालेल म्हणे! काय चालेल ते माणसाच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

रणदिवे विधुर, शरयूबाई विधवा, दोघांची ओळख गडकिल्ले चढण्यातली, शरयूबाईंचा नवरा सोबत असायचा तेव्हापासूनची. काल जेवताना रणदिव्यांनी सूपच्या वाटीत बघत विचारलं, की पुढचं आयुष्य एकत्र काढायचं का. तेव्हापासून शरयूबाईंच्या जिवाची नुसती ओढाताण चाललीय. माणूस चांगला आहे, हसवतो, आणि आवडतोही, उगीच खोटं कशाला बोला. पण प्रभाकरचं काय? नवरा जाऊन तीन वर्षं झाली तरी अधूनमधून स्वप्नात येतो, दोन गोष्टी बोलून जातो. हो म्हटलं आणि त्याने यायचंच बंद केलं तर?

वारा सुटतो. खालच्या बागेतला गलका हळूहळू लांब जातो. डोळ्याला डोळा लागतोय न लागतोय तोच कानाशी कुणीतरी विचारतं, "इथला मारुती कुठाय गं?"

प्रभाकर दरवाजात उभा आहे. खाकी हाफ पँट, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, कपाळावर आठ्या.

"मारुती? अरे, हा जपान आहे!"

"असू दे की. दरवाजा आहे म्हणजे मारुती असणार. आत शिरताना हात कुणाला जोडायचे, तिकीटवाल्याला?"

गडाच्या दाराशी शेंदूर फासलेला मारुती असतो आणि त्याला हात जोडल्याशिवाय प्रभाकरने आयुष्यात एकही गड चढलेला नाही. एकदा दाट धुक्यात त्याने मैलाच्या दगडालाच भक्तिभावाने नमस्कार केला होता, आणि मागून येणाऱ्या सगळ्यांनी त्याचं बघून केला होता.

"चल, शोधू," तो म्हणतो. दोघं दरवाजातून आत जातात. वाट लगेच काटकोनात वळते. प्रभाकर तटावर थाप मारतो. "बघ, शत्रूला सरळ घुसता येऊ नये म्हणून वळवलीय. आपल्या गोमुखी दरवाजासारखीच! गडी हुशार हं."

वळणापलीकडे त्यांच्या ठाण्याच्या इमारतीचा जिना आहे. पायऱ्या मात्र किल्ल्याच्याच, दगडी. लिफ्ट बंद असल्याची पाटी तशीच लटकतेय. दार उघडं आहे, आणि आत स्वयंपाकघरात ओट्याखालून खंदक वाहतोय. पाण्यात लाल-पांढरे मासे फिरतायत. शरयूबाईंना त्याचं काही वाटत नाही. फरशी ओली होईल एवढंच वाटतं. प्रभाकर चहाचं आधण ठेवतो आणि एकदम ओरडतो, "हा काय, सापडला!"

स्वयंपाकघराच्या दाराशी, गॅसच्या सिलिंडरशेजारी, एक छोटी दगडी मूर्ती बसलीय. गोल डोकं, मिटलेले डोळे, गळ्यात लाल फडकं.

"हा त्यांचा जिझो," शरयूबाई म्हणतात. "पोराबाळांना सांभाळतो, वाटसरूंना सांभाळतो. गाइडने सांगितलंय."

"लाल आहे, दाराशी आहे, वाटसरूंना सांभाळतो. मग राहिलं काय? शेपूट?"

तो डोळे मिटून हात जोडतो. शरयूबाईही जोडतात. जिझो काही हरकत घेत नाही.

चहा गाळता गाळता प्रभाकर सहज विचारतो, "रणदिवे वर गेलाय ना?"

शरयूबाई वळून बघतात. "तुला कसं कळलं?"

"शिट्टी ऐकू येतेय की. मेला अजून बेसूरच." तो कप पुढे सरकवतो. "माणूस बरा आहे. एकेका दगडाकडे तासभर बघत बसतो, तेवढं सांभाळून घे. हाताला धरून ओढायचा आणि पुढे न्यायचा."

शरयूबाईंना हसू येतं, आणि हसता हसता डोळे भरून येतात. कप तसाच ठेवून त्या म्हणतात, "मी हो म्हटलं की तू यायचा नाहीस. मला ते सोसणार नाही, प्रभाकर. तू मला हवा आहेस, आणि तोही हवासा वाटतोय. आता काय करू सांग."

ओट्यावरच्या खिडकीची आता तटातली अरुंद फट झालीय. तिच्यातून खाली सह्याद्रीचा उतार दिसतो, जांभळ्या कारवीने भरलेला. प्रभाकर त्या फटीतून बाहेर बघत असतो.

"आपण एवढे गड पालथे घातले," तो म्हणतो. "एकच दरवाजा असलेला गड पाहिलास कधी?"

"नाही."

"मग? महादरवाजातून रणदिव्याला येऊ दे, वाजतगाजत. मी मागच्या अंगाने येईन, झुडपांतल्या चोरदिंडीने. त्याला पत्ताही लागायचा नाही. आजवर त्याला एका तरी गडाची चोरदिंडी सापडलीय का?"

"नाही सापडली," शरयूबाई डोळे पुसत म्हणतात. "दर वेळी तूच दाखवायचास."

"बघ! चल आता. माथा राहिलाय. माथा न बघता किल्ला पाहिला असं आपल्यात म्हणत नाहीत."

तो खाली बसतो आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधायला लागतो. आधी गाठ, वर दुसरी गाठ, आणि राहिलेली टोकं बुटाच्या आत खोचून. शरयूबाई हळूच त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. टॉवेल ओलाचिंब आहे.

"मेलेल्या माणसाला घाम कसा रे येतो?"

"चढ आहे ना! हलू नकोस."

नाडी करकचून आवळली जाते.

"शरयूबाई! अहो, शरयूबाई!"

पाइनच्या फांद्यांतून ऊन थेट डोळ्यांवर आलंय. रणदिवे समोर उभे आहेत, धापा टाकत, हातातल्या टोपीशी चाळा करत.

"हो," शरयूबाई उठून बसत म्हणतात.

"अं?"

"उत्तर हवं होतं ना? हो."

रणदिवे मटकन पायरीवर बसतात. हसतात, चष्मा काढतात, पुसतात, उलटा घालतात आणि पुन्हा काढतात. "मग... मग वर चला ना! वरून सगळी दरी दिसते. मी पुन्हा चढेन तुमच्याबरोबर." ते आजूबाजूला शोधायला लागतात. "थांबा, आधी बूट घाला. झोपताना काढून तिकडे झाडाशी ठेवले होतेत ना तुम्ही? मी निघालो तेव्हा तिथंच होते."

शरयूबाई झाडाकडे बघतात. झाडाशी काही नाही. मग आपल्या पायांकडे बघतात. बूट पायांत आहेत. गाठीवर गाठ, आणि टोकं आत खोचलेली.

"घातलेत," त्या म्हणतात, आणि रणदिव्यांना हाताला धरून उठवतात.