चेष्टा

गेम खेळायची सहा यंत्रं जोडून एक दणकट संगणक करायचा, हे खूळ माझंच. उज्जैनच्या माधवनगरातलं गेम पार्लर बंद पडलं, तेव्हा मालकानं ती सासऱ्यांच्या शब्दाखातर मला देऊन टाकली. बाहेरचा माल तेव्हा नुकता मोकळेपणानं मिळू लागला होता, म्हणून जोडणीचे भाग परदेशातून मागवता आले. मी तिथल्याच एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. जवळच्या भैरवगढला लाकडी ठशांनी कापड छापतात; त्या कापडावर ठसा उमटला की रंग धाग्यांतून किती पसरतो, हे मला गणितानं काढायचं होतं. कॉलेजातले दोन संगणक ऑफिसच्या टायपिंगात अडकलेले. गेमची यंत्रं मात्र हिशेबात भलती चपळ. कापडाचे मनानं सहा पट्टे पाडले, एकेका यंत्राला एकेक दिला. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला फक्त कडेचे आकडे कळवायचे.

बँकेतून रिटायर झालेले सासरे माझे एकमेव मदतनीस. त्यांनी यंत्रांवर खडूनं नंबर घातले होते. "आज चार नंबरचा मूड ठीक नाही आहे," असं ते गंभीरपणे सांगायचे.

पण घरात गणित पुरं होईना. यंत्रं तापायची, स्वयंपाकघरात मिक्सर लागला की फ्यूज उडायचा. एक गार खोली मिळाली नाही, तर सहा महिन्यांची मेहनत पाण्यात जाणार होती. मी कॉलेजातल्या एका खोलीसाठी प्राचार्यांकडे अर्ज केला. तो शेरा मारून परत आला: "आपकी चेष्टा के बारे में पढ़ा। सोमवार को मिलिए।"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चेष्टा? मी काय थट्टामस्करी करत होते? लग्न होऊन साताऱ्याहून आल्याला जेमतेम वर्ष झालेलं, पण हिंदी आपल्याला येतंच, या गुर्मीत मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. त्याच कागदाखाली ठसठशीत लिहिलं: "महोदय, मैं चेष्टा नहीं करती।" कागद शिपायाच्या हातात दिला, घरी आले आणि एकेक वायर उपसून सगळी यंत्रं खोक्यात भरली.

सासरे रिकाम्या टेबलाकडे बघत राहिले. मी सगळं सांगितलं. त्यांना हसू आवरेना.

"अगं सूनबाई, हे काय करून टाकलं तू? हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश. प्रयत्न!"

म्हणजे मी साहेबांना ठणकावून कळवलं होतं की मी प्रयत्न करत नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. माझ्या रागाची मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. सासऱ्यांनी खोकं उघडलं आणि एक नंबरचं यंत्र टेबलावर ठेवलं.

सोमवारी मी प्राचार्यांसमोर उभी राहिले आणि दोन भाषांतला घोळ अडखळत सांगितला. त्यांनी तो कागद पुन्हा वाचला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग ड्रॉवर उघडून त्यांनी एक किल्ली काढली, पण हातातच धरून ठेवली.

"तो मैडम, अब चेष्टा करेंगी?"

"जी सर," मी म्हणाले, "रोज करूँगी."

त्यांनी किल्ली माझ्यापुढे सरकवली.