आप्पांचा विटांचा चुरा

आज लेक गावी, बेंबळीला आली. सूर्यासारखी ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रावर ती संशोधन करते. माझ्या वडिलांना, आप्पांना, सांगत होती, "यंत्राची आतली भिंत झिजते. कण कुठं जातात ते कळावं म्हणून आम्ही एका जागी त्याच धातूचा, वजनाला किंचित वेगळा समस्थानिक बसवला."

आप्पा ताडकन उठून बसले. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमचा बांध झिजायला लागला. शेजारी कोरतो, असा त्यांना संशय! माती कुठं जाते ते कळावं म्हणून त्यांनी बांधात विटांचा चुरा कालवला. पावसानंतर तांबडा चुरा सापडला, तो आमच्याच विहिरीत.

"मग पोरी, तुझे कण कुठं सापडले?"

"वाटलंच नव्हतं तिथं, आप्पा."

"आपल्याच विहिरीत म्हण की!"

लेक हसून लोटपोट. आप्पांनी मिशीवर ताव मारला, "माझ्यावर गेलीय."

लई अभिमान वाटला, मंडळी. तुमच्या घरात कोण कुणावर गेलंय?