देव्हाऱ्यातली किल्ली

जिन्याखालची लोखंडी पेटी अजून तिथेच आहे. माणसाच्या छातीइतकी उंच, हिरवट रंगाची, भिंतीला बोल्टांनी आवळलेली. बोल्ट मीच आवळले, आणि असे आवळले की आता काढायला गेलं तर विटा घेऊनच निघतील. आत माझी स्लीपिंग बॅग, तंबूच्या खुंट्या आणि एक पितळी स्टो आहे. रायफल होती तेव्हा या सामानाला घरात कुठे जागा मिळत नव्हती. आता पेटीभर जागा आहे.

आम्ही इंग्लंडात रीडिंगला राहतो. बायको हॉस्पिटलात नर्स आहे. तिला इथली नोकरी लागली आणि तिच्या व्हिसाला लागून मी आलो. मी नववीत शाळा सोडलेली. एका गोदामात खोकी भरायचं काम मिळालं, ते अजून आहे. रोज सकाळी बस स्टॉपवर उभा राहिलो की मनातल्या मनात बायकोचे आणि या देशाचे आभार मानतो, आणि लगेच वाटतं की कुणीतरी येऊन खांद्यावर हात ठेवेल आणि म्हणेल, चुकून आलात तुम्ही, चला परत. माझा स्वभावच तसा. क्रॉयडनला व्हिसाच्या कामाला गेलो होतो तेव्हा ट्रॅममध्ये सारखा हात खिशाकडे. बायको म्हणाली, "अहो, चाचपून चाचपून झिजतील ते पासपोर्ट."

बंदुकीचं वेड मात्र गावचं. साताऱ्याकडे आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल लागायचा, तिथे माझे सगळे पैसे जायचे. स्टॉलवाल्याची बंदूक डावीकडे मारते हे कळल्यावर मी उजवीकडे धरून फोडायला लागलो, तेव्हा त्याने मला हाकललं. पुढे भरतीला गेलो. धावलो, छाती फुगवून दाखवली. टेबलामागच्या माणसाने दहावीचं सर्टिफिकेट मागितलं. ते नव्हतं. तेव्हाच मी बंदुकीचा विषय मनातून काढून टाकला होता.

तो परत आला बायकोमुळे. तिच्या वॉर्डात एक म्हातारा शेतकरी खुब्याच्या ऑपरेशनला आला होता. उंच, तांबड्या तोंडाचा, बोलका. त्याने विचारलं, "सिस्टर, तुमच्या नवऱ्याला कसली आवड आहे?" बायकोने खरं ते सांगितलं. "बंदुकांची." शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला म्हणे. म्हातारा मात्र टाके दुखेपर्यंत हसला. "त्याला माझ्याकडे पाठव," म्हणाला. घरी येऊन बायको म्हणाली, "तुमच्यासाठी एक बंदूकवाले काका शोधलेत." तेव्हापासून ते आमचे काका.

काका मला त्यांच्या रायफल क्लबात घेऊन गेले. एका खेड्यातला विटांचा लांबोडका हॉल, एका टोकाला वाळू, दुसऱ्या टोकाला चटया. चटईवर पालथं पडायचं, पट्टा दंडाला आवळायचा आणि समोरच्या कागदावरच्या काळ्या वर्तुळांवर नेम धरायचा. नेम धरला की स्वतःची नाडी दिसते. दर ठोक्याला रायफलचं टोक किंचित उडतं. श्वास अर्धा सोडायचा, दोन ठोक्यांच्या मधली शांत जागा शोधायची, आणि तिथे चाप दाबायचा. त्या जागेत मला कशाचीच भीती वाटायची नाही. माझ्या आयुष्यात दुसरीकडे कुठे ती जागा सापडलेली नाही. देवळातसुद्धा नाही, खोटं कशाला सांगू.

काकांनी माझ्यासाठी शब्द टाकला आणि मला माझी स्वतःची रायफल ठेवायचा परवाना मिळाला. हातात कागद आला तेव्हा मला वाटलं, टेबलामागच्या त्या भरतीवाल्यानेच इतक्या वर्षांनी सही केली.

काकांचं राजकारण त्यांच्या जाकिटासारखं होतं. जुनं, जाड, मेण चोळलेलं. पाणी आत जायचं नाही. काही वर्षांपूर्वी एकाने शाळेत घुसून मुलांवर गोळ्या झाडल्या आणि कायदा बदलला, तेव्हा त्यांची पिस्तुलं सरकारने जमा करून घेतली होती. "ज्याने गुन्हा केला तो मेला," ते म्हणायचे, "आणि शिक्षा मला." मग कुत्री सोडून कोल्ह्याची शिकार करण्यावर बंदी आली तेव्हा तर ते आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. सरकार लहान असावं, माणसाचं घर त्याचं असावं, जुनं ते उगाच मोडू नये. मला हे पटायचं. आमच्या गावातल्या वडीलधाऱ्यांचं बोलणं याहून वेगळं नव्हतं, फक्त त्यांच्या हातात विडी होती. पिस्तुलं नको म्हणणाऱ्या आयांचंही मला कळायचं, पण ते मी क्लबात कधी बोललो नाही.

निवडणुकीत काकांनी मला त्यांचं जुनं जाकीट घातलं, छातीवर त्यांच्या पक्षाचं निळं फूल लावलं आणि पत्रकं वाटायला धाडलं. एका दुकानात गुजराती मालक मला वरपासून खालपर्यंत बघत बसला.

"हे लोक काय देतात तुम्हाला?"

"काही नाही. चहा."

"बिस्किट?"

"कधीकधी."

"मग तुम्ही खरे कॉन्झर्व्हेटिव्ह आहात," तो म्हणाला, आणि पत्रक घडी करून काउंटरच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारलं.

उन्हाळ्यात सरे परगण्यातल्या मोठ्या रेंजवर नेमबाजीचे सामने असायचे. तिथे आम्ही गवतावर तंबू ठोकून राहायचो. बाकीच्यांकडे नव्या धाटणीचे हलके तंबू, हवा भरायच्या गाद्या, मुठीएवढे गॅसचे स्टो. काकांकडे कॅनव्हासचा तंबू आणि पंप मारायचा पितळी रॉकेलचा स्टो. तो त्यांनी मला देऊन टाकला, कारण मी तो पहिल्याच झटक्यात पेटवला. गावी आमच्या घरी असाच होता, मी सांगितलं. "मग तो तुझ्याकडे परत चालला म्हणायचं," काका म्हणाले. मी उगाच पिन मारत बसलो.

त्याच गवतावर संध्याकाळी बाहेरून येणाऱ्या लोकांचा विषय निघाला. एकाने माझ्याकडे बघून म्हटलं, "तुझ्याबद्दल नाही हं." मी म्हणालो, "बाहेरून आलेल्याने इथला नियम इथल्या माणसापेक्षा दुप्पट पाळावा. जमत नसेल त्याने येऊ नये." कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी हे मनापासून बोललो होतो. आजही मला तसंच वाटतं. त्या थापेची ऊब मात्र मला बरेच दिवस पुरली.

आता किल्लीचं सांगतो.

रायफलसाठी पेटी बसवली तेव्हा बघायला आलेल्या पोलिसांच्या माणसाने सांगितलं होतं, किल्ली कुठे असते हे फक्त तुम्हाला माहीत हवं. घरातल्यांनाही नाही. मी मान डोलावली आणि किल्ली कपाटावरच्या जुन्या बुटात ठेवली. दिवाळीच्या साफसफाईत ती बायकोला सापडली. ती बूट हातात घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली.

"ही कशाची?"

"पेटीची. अगं, कायदा आहे तसा."

"सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घरच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. तुमच्यासमोर. आणि तुम्ही बुटात लपवता?"

"तुझ्यापासून नाही लपवली."

"मग कुणापासून? घरात आहे कोण तिसरं? वॉर्डात मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. सगळं हॉस्पिटल माझ्यावर विश्वास टाकतं. नवरा बुटात टाकतो."

आमच्या घरांत बायकोपासून किल्ली लपवणारा माणूस एक तर दारुडा, नाहीतर दुसरं घर केलेला. मी किल्ली उचलली आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाखाली ठेवली. देवापाशी ठेवलं म्हणजे लपवलंही नाही आणि उघड्यावरही नाही, अशी मी माझी समजूत घातली. बायको उठून भांडी घासायला गेली. भांडण मिटलं.

त्यानंतर दरवर्षी खंडेनवमीला मी कामावरून येईपर्यंत रायफल पाटावर असायची. खाली खण, वर गार्डन सेंटरमधून आणलेला झेंडू, दस्त्यावर हळदकुंकू. शेजारी बायकोची कात्री आणि विळी. मी बूट काढून नमस्कार करायचो. एकदा दस्त्याच्या खाचेत कुंकू राहिलं आणि क्लबात काकांनी विचारलं, "हे रक्त कुणाचं?" मी सगळं सांगितलं. बायको काढते, पूजा करते, परत ठेवते. काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "स्कोअर सुधारला असेल तर माझीही पाठवतो." सगळे हसले.

परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. ती संपत आली आणि नूतनीकरणासाठी पोलिसांकडचा नवा माणूस घरी आला. वयस्कर, मऊ आवाजाचा, पायपुसण्यावर नीट बूट पुसणारा. बायकोची त्या दिवशी सुट्टी होती. तिने शिरा केला. त्याने दोनदा घेतला. क्लबाबद्दल विचारलं, कामाबद्दल विचारलं. मग म्हणाला, "रायफलवरचा नंबर तेवढा बघतो. पेटी उघडता का?"

मी उठलो. आणि माझा तो स्वभाव. डोकं रिकामं, हात खिशावर, मागचा खिसा, पुढचा खिसा, शर्टाचा खिसा. किल्ली कुठे आहे ते मला पक्कं माहीत होतं. त्याच्यासमोर ती कुठून काढावी ते कळत नव्हतं.

"अहो, असं काय करता," बायको म्हणाली. ती देव्हाऱ्यापाशी गेली, टाक उचलून कपाळाला लावला, बाजूला ठेवला, आणि किल्ली घेऊन आली. पाहुण्याला काही द्यावं तशी दोन्ही हातांनी तिने ती त्याला दिली.

त्याने ती घेतली. "म्हणजे हिची जागा तुम्हाला माहीत आहे."

"माहीत म्हणजे? मीच उघडते ना दरवर्षी," बायको म्हणाली, आणि तिने त्याला तिच्या वॉर्डातल्या इंग्रजीत खंडेनवमी समजावून सांगितली. हत्यारांना त्या दिवशी विश्रांती असते, आपण त्यांचे आभार मानतो. कुंकू पुसायला मऊ कापड वापरते, तेही सांगितलं. ती फार छान बोलत होती. मी तिला थांबवू शकलो असतो. मला वाटतं, थांबवायला हवं हे मला कळलं तेव्हा तिचं सांगून झालं होतं.

त्याने शिऱ्याची बशी टेबलावर ठेवली. "ओ डिअर," एवढंच म्हणाला, अगदी हळू.

रायफल तो त्याच दिवशी लांब पिशवीत घालून घेऊन गेला. जाताना बायकोला म्हणाला, शिरा उत्तम होता. ती दारात उभी राहून मला विचारत होती, "रिपेअरला नेली का?"

काही आठवड्यांनी परवाना नाकारल्याचं कळलं. कोर्टात दाद मागता येते, असंही कळलं. पण आमच्या नागरिकत्वाचे अर्ज तेव्हा सरकारकडे पडून होते, आणि त्यात चांगल्या वर्तणुकीचा रकाना असतो. मी कोर्टाची पायरी चढलो नाही. बायकोचं नाव कुठल्याही कागदावर माझ्या नावाशेजारी त्या कारणाने यायला नको होतं.

काका भेटायला आले. काठी दाराशी टेकवून बसले.

"माझी किल्ली बॅरोमीटरच्या मागे खिळ्याला असते," ते म्हणाले. "माझ्या बायकोला माहीत आहे. कुत्र्यालाही माहीत असेल."

"मग?"

"मग काय. पोलिसांचा माणूस आला की ती बागेत जाते. गुलाबांकडे बघते. कुणीच कुणाला काही विचारत नाही. तू तिला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं?"

"बागेत जा म्हणून."

"आम्हाला बाग नाही, सर."

ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता. जाताना त्यांनी माझा हात बराच वेळ धरला. काका वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला जे दिलं ते माझ्या सख्ख्या काकांनी दिलं नाही. पण बायको रायफल काढते हे ऐकून ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले होते ते का, हे मला तेव्हा कळलं. आणि क्लबातल्या सगळ्यांनाच ते कळलं असणार, हेही. नियम मला पाठ होता. नियमासोबत कसं राहायचं ते इथे कुणी कुणाला शिकवत नाही. ते इथे जन्मावं लागतं.

क्लबच्या रायफलवर नेम धरायला तरी येऊ का, असं सेक्रेटरीला विचारलं. "कमिटीत विचारतो," म्हणाला. अजून विचारतोय. निवडणुका आल्या तेव्हा मी पत्रकं वाटली. मन माझं तिकडेच आहे. नियम योग्यच होता, त्या माणसाने त्याचं काम केलं, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. हे मी बस स्टॉपवर स्वतःला सांगतो. सांगून झालं की पुढे काही सुचत नाही. नाडी चालू असते, मधली ती जागा काही येत नाही.

बायकोने मला कधी दोष दिला नाही. मीही तिला दिला नाही. पण त्या वर्षी खंडेनवमीला तिने पाट मांडलाच नाही. आणि नागरिकत्वाचे कागद आले त्या दिवशी मी ते पासपोर्टांबरोबर लोखंडी डब्यात ठेवले, कुलूप लावलं, आणि किल्ली घेऊन तिच्याकडे गेलो. ती ड्यूटीला निघाली होती, कोट घालत होती.

"ही कुठे ठेवू?"

"तुम्हीच ठेवा," ती म्हणाली. "आणि कुठे ठेवली ते मला सांगू नका."

"अगं, ही आपल्या घरची आहे."

"कुणी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही." तिने कोटाची बटणं लावली, देव्हाऱ्याला लांबूनच हात जोडले आणि बाहेर पडली.

किल्ली माझ्या खिशात आहे. दिवसभर चाचपतो.