पिवळ्या दोऱ्याची गोळी

आईचं शिवणयंत्र अजून अकोल्याच्या घरात पुढच्या खोलीत खिडकीशी आहे. त्याच्या खणात दोऱ्याची रिळं असतात आणि बाबांची औषधंही. तिथंच का, याला उत्तर एकच, आईनं तिथं ठेवली म्हणून.

बाबांनी जन्मभर एसटी चालवली. विदर्भातला कुठलाही फाटा त्यांना झोपेत विचारा, सांगतील. पण गोळ्यांच्या पाकिटावर सगळं इंग्रजी, तेही मुंगीएवढं. आईलाही इंग्रजी येत नव्हतं. ती औषधाच्या दुकानातच नीट विचारून घ्यायची आणि घरी आली की पाकिटाला दोरा बांधायची. सकाळच्या गोळीला पिवळा, रात्रीच्या गोळीला काळा. गाठ अशी आवळलेली, की ब्लाउजचं बटण जाईल पण हा दोरा जाणार नाही.

मला ते गावंढळ वाटे. मी अमरावतीहून वारांचे कप्पे असलेला डबा नेला. दोघांनी तोंडभरून कौतुक केलं. पुढच्या खेपेला पाहते तर सोमवारात सुपारी, मंगळवारात लवंग आणि बाकीचा आठवडा रिकामा! माझं टाळकं सरकलं. आई शांतपणे म्हणाली, "कावून चिडतं वं? चांगला हाय तुहा डबा. सुपारी नरम नाई पडत त्यात."

सकाळी बाबा पुढच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात. तिथूनच ती विचारायची, "घेतली काय जी?"

"घेतली वं."

"पाणी पुरं प्या."

बाबांना अर्धा पेला पाणी ठेवून द्यायची खोड होती. माहेरी असले की मला या तीन वाक्यांनी जाग यायची आणि मी कूस बदलून परत झोपायची. आता त्याच तीन वाक्यांसाठी जीव तुटतो.

आई पोळ्याच्या आधी गेली. त्यानंतर बाबांचा रक्तदाब वाढला, म्हणून डॉक्टरांनी सकाळची जुनी गोळी बंद करून जास्त ताकदीची नवी दिली. बाबांना समोर बसवून समजावलंही. थोड्याच दिवसांत शेजारच्या काकूंचा फोन आला, बाबा मोरीच्या दारात चक्कर येऊन पडले होते. हाड मोडलं नव्हतं, एवढंच नशीब. मी मिळेल त्या बसनं अकोला गाठलं.

डॉक्टरांनी सांगितलं, घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. मी खण रिकामा करून नेला. त्यांनी टेबलावर सगळं मांडलं आणि नव्या पाकिटाशेजारी पिवळ्या दोऱ्याचं पाकीट ठेवलं. दोन्ही चालू असल्यासारखी फोडलेली होती.

"काका, ही बंद करायला सांगितली होती ना?"

"सांगतली होती ना."

"मग?"

बाबा दोऱ्याकडे पाहत म्हणाले, "नवी तुमची, थे बी घेतली. हे तिनं बांधून ठेवली हाय. तिची कशी सोडू?"

डॉक्टर म्हणाले, "दोन्ही मिळून तुमचा रक्तदाब इतका उतरवतील, की पुढच्या वेळी पडलात तर उठणार नाही. जुनी गोळी घरात राहिली की पोटात जातेच. ही इथं द्या." बाबांनी पाकीट मुठीत धरलं आणि खिशात घातलं. मला रागही आला आणि रडूही आलं. मी उद्या आणून देते म्हणाले आणि त्यांना घरी आणलं.

घरी मी सरळ कात्री घेतली. आई तर गेलीच, आता बाबाही हातचे जायचे, ही भीती डोक्यात घण घालत होती.

"कापू नको वं," बाबा म्हणाले. "मी सोडतो."

ते खिडकीशी बसले. मोतीबिंदूचे डोळे, स्टीअरिंग धरून जाड झालेली बोटं आणि आईची गाठ. मी मदतीला गेले तर हात झटकला. चहा झाला, गार झाला. अखेर दोरा मोकळा झाला. गाठीच्या जागी त्याला वेलांटी पडली होती, ती ओढूनही सरळ होईना. गोळ्या त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या आणि दोरा नव्या पाकिटाला बांधून घेतला. गाठ सैल होती.

सकाळी मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. खण उघडल्याचा आवाज आला, पाकीट चुरचुरलं. मग बाबांनी नेहमीच्या मोठ्या आवाजात हाक दिली, "घेतली वं!"

कुणी विचारलंच नव्हतं. ती हाक मला नव्हती, हेही मला कळलं. मी पुढच्या खोलीत डोकावले. बाबा अर्धा पेला हातात धरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत थांबले होते. मी दारातूनच म्हणाले,

"पाणी पुरं प्या."

त्यांनी पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी संपवलं.