अकोल्याहून येणारे टॉन्सिल

अकोल्याहून आलेल्या पेशींची चौथी बॅचही मेली. मायक्रोस्कोपखाली नुसता चोथा. मी चिडून टेक्निशियन शकीलभाईंना विचारलं, "हात नीट धुता ना?"

"मॅडम, पेशी मेलेल्याच येऊन राहिल्या," ते म्हणाले. मी ऐकलं नाही.

आमची लॅब अमरावतीत. ऑपरेशनमध्ये काढलेले, एरवी फेकले जाणारे टॉन्सिल आम्ही आईवडिलांच्या संमतीने घ्यायचो. टॉन्सिल म्हणजे घशातली रोगप्रतिकाराची चौकी. त्यातल्या जिवंत पेशी मऊ जेलमध्ये ठेवल्या, की आठवड्याभरात पुन्हा गोळे करतात आणि शरीरात असल्यासारख्या अँटीबॉडी बनवतात. कपाशीवर कीटकनाशक औषध फवारणारी माणसं दवाखान्यात भरती होत होती. ते औषध या पेशींचं काय करतं, ते आम्हाला या मॉडेलवर पाहायचं होतं.

अमरावतीचे नमुने मी स्वतः ऑपरेशन थिएटरच्या दारातून आणायची, मीच हाताळायची. ते जगायचे. अकोल्याचे शकीलभाईंकडे, ते मरायचे. मला उत्तर सरळ वाटलं. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवू नये, असं पत्र मी लॅबप्रमुख सरांना दिलं. अकरा वर्षं काम केलेला माणूस.

सरांनी पत्र वाचलं. "अकोल्याला जाऊन पाहिलंत?"

"नाही."

"मग आधी जा."

गेले. सर्जननी एका मुलीचे टॉन्सिल काढले. सिस्टरनी ते स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून थेट व्हरांड्यात नेले. मुलीचे वडील, मामा, आत्या, सगळ्यांनी निवांत पाहिले. मोबाईलवर फोटो निघाले. वर पंखा गरगरत होता. अर्ध्या तासाने, वाळून गेल्यावर, टॉन्सिल आमच्या बर्फातल्या बाटलीत पडले. मी कपाळावर हात मारला.

"हे रोजचंच?"

"मंग! नाही दाखवलं तं लोक म्हनतात, काढलेच नाही," सिस्टर म्हणाल्या.

"याच्यापुढे दाखवू नका."

वडील मध्येच म्हणाले, "काहून? माह्या पोरीच्या गळ्यातले हायेत. सही बी म्याच केली."

त्यांचं खरं होतं. पुढच्या ऑपरेशनला टॉन्सिल आतच बाटलीतल्या थंड, गुलाबी द्रावात टाकायला लावले आणि मग बाटली बाहेर दाखवली. त्या मुलाच्या बापाने ती फिरवून पाहिली. "चांगले दिसतात की."

ती बॅच शकीलभाईंनीच लावली. सातव्या दिवशी गोळे धरले. मी पत्र मागे घेतलं, कारणाच्या जागी 'चूक माझी' लिहिलं आणि त्यांची माफी मागायला गेले. फार लाज वाटत होती.

ते प्लेटवर नावं टाकत होते. "माफी राहू द्या, मॅडम. पुढच्या टायमाले मी सांगतो ते ऐका फक्त."

नमुना बिघडला, तर माणसावर बोट ठेवण्याआधी तो नमुना आला त्या रस्त्याने जाऊन यावं. अकोला दोन तासांवर आहे. मला चार महिने लागले.