विहिरीच्या ओट्यावरचं शास्त्र

तमाम नागपूरकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपणा सर्वांवर डोळा ठेवून असलेले शहरातले एकमेव शास्त्रज्ञ, आमचे माधवराव मास्तर, महिन्यापूर्वी निवर्तले. आता कुणीही कसंही वागावं, टिपून घेणारा उरला नाही.

निरोप आला तेव्हा मी चार मित्रांपुढे त्याचीच नक्कल करत होतो. मी एकदम गप्प झालो, तर तीही नक्कलच समजून ते हसत राहिले...

कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माधवाला एकच ध्यास : ग्रहांचं आहे तसं माणसांचंही शास्त्र व्हायला हवं. लांबून बघायचं, विचारायचं नाही. "शनीला कुणी विचारतं का, बाबा का फिरतोस?" आणि त्याला संधी मिळालीच. इतवारीमागे कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात दोन विहिरी होत्या. एक घरांलगत, दुसरी पार टोकाला. रस्त्यासाठी एक बुजवायची होती. कोणती कमी वापरात आहे, ते बघायला नगरपालिकेच्या कमिटीनं माधवाला सांगितलं. तो रोज सकाळी वही घेऊन जवळच्या विहिरीच्या ओट्यावर बसे. तीन महिने बाया घागरी घेऊन त्याच्यासमोरून टोकाच्या विहिरीवर गेल्या. माधवानं पाण्याच्या चवीपासून शकुनापर्यंत अकरा कारणं मांडली आणि जवळची विहीर बुजवावी, असा अहवाल लिहिला.

कमिटीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी, भरली घागर घेऊन धापा टाकत येणाऱ्या सखूबाईला मी सरळ विचारलं, "काहून वं बाई, जवळची सोडून तिकडं?"

"तो मास्तर बसून राह्यते नं तेथं. डोळे वहीत अन् कान आमच्यात. सासूची गोष्ट बाईनं करावी कुठं मंग? पाय तुटून राह्यले आमचे, पण त्याले सांगते कोन."

मी धावतच माधवाकडे. तो अहवाल सुवाच्य उतरवत होता. आधी चिडलाच, "तू विचारलंस?"

"दुर्बीण रोखली म्हणून शुक्र काही पदर सावरत नाही, माधवा. बाया सावरतात."

त्यानं टाक खाली ठेवला. "म्हणजे तीन महिने मी मलाच मोजत होतो..."

"गप्प बस. कुणाला कळतंय?"

"बायांची विहीर जाईल ना."

दुसऱ्या दिवशी भर कमिटीत त्यानं अहवाल फाडला. अध्यक्ष चक्रावले. मग बाया त्या विहिरीवर येत का नाहीत, त्यांनी विचारलं. माधव उठला, चष्मा पुसला, आणि वर्गातली शुद्ध मराठी पार विसरून बोलून गेला, "साहेब, मी बसून राहतो नं तेथं. विहीर काहून बुजवता, मलेच उठवा."