काचेचं टोक आणि निळा स्वेटर

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी ती मुलगी यवतमाळकडची. माझ्याकडे पीएच.डी. करत होती. पोलादावर गंज नेमका कुठल्या ठिपक्यापासून सुरू होतो, त्याचा नकाशा काढायचा हा तिचा विषय. त्यासाठी लागतं काचेचं टोक. आत प्लॅटिनमची तार घातलेली बारीक नळी लेझरनं तापवायची, यंत्रानं दोन्हीकडून ओढायची, की केसाहून हजारपट बारीक टोक तयार. ते गुळगुळीत हवं. जरा कंगोरा राहिला की पोलादाच्या जवळ नेता येत नाही, आणि जवळ नेलं नाही तर बारीक काही दिसत नाही.

त्या हिवाळ्यात तिची टोकं टिकेनात. ओढल्यावर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहावं तर सुबक, आणि नकाशाच्या यंत्राला जोडावं तर उंदरानं कुरतडल्यासारखी. फेलोशिप संपत आली होती. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या एका नकाशावर अडलं होतं, आणि यंत्र महिनाअखेरीला दुसऱ्या गटाकडे जायचं होतं. घरून फोन यायचे, राहू दे ते, ये परत.

"मॅडम, माह्या हातातच खोट हाय," ती एकदा म्हणाली.

"हात ज्योतिष्याला दाखव. मला टोक दाखव," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी शिरले की लोक चहा लवकर आटपतात. पण पोर दिवसेंदिवस आक्रसत चालली होती आणि मला ते बघवत नव्हतं.

संक्रांतीला आमच्या विभागात सगळ्या बायका काळ्या साड्या नेसून येतात. मीही काळी जॉर्जेट नेसले होते. तिळगूळ वाटून झाल्यावर म्हटलं, आण इकडे, आज मी जोडते. सकाळीच तपासलेलं निर्दोष टोक होतं. मी जोडलं, आणि तेही गेलं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा बरं वाटल्याची झाक दिसली. मी ते मनावर घेतलं नाही.

चिडून बाहेर निघाले. साडी सकाळपासून पायांना चिकटत होती. दाराच्या मुठीला हात लावला तर चट्कन झटका बसला. तशीच उभी राहिले. कोरडी हवा, अंगावर असली कृत्रिम धाग्याची साडी, आणि एवढंसं टोक. बोटाला चिमटा बसावा एवढी वीज त्याला जाळायला पुरेशी होती. पण मी तर जॉर्जेट आजच नेसले होते. मागे वळून पाहिलं. एसीत काकडते म्हणून ती रोज घालायची, तो निळा स्वेटर तिच्या अंगावर होता. आईनं विणलेला. लोकर कसली, ॲक्रिलिक.

मी बोट दाखवलं. तिला समजायला वेळ लागला नाही. स्वेटर काढताना तडतड आवाज आला, तशी ती तो पोटाशी धरून रडायला लागली. "आईनं अख्खा उन्हाळा विणला जी," म्हणाली. मी कपाटात अर्थिंगचा पट्टा शोधायला लागले.

एसी बंद करता येत नव्हता, तापमान बदललं की टोक जागचं हलतं. मग ती सुती कुर्त्यात, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून, दात वाजवत काम करायची. स्वेटर दाराबाहेरच्या खुंटीवर. यंत्र जायच्या आधी नकाशा मिळाला. गंजाचा पहिला ठिपका त्यात स्वच्छ दिसत होता, आणि आम्ही दोघी तो कितीतरी वेळ बघत बसलो.

तोंडी परीक्षेला तिची आई आली. लेक पास झाल्याचं ऐकून डोळे पुसले आणि मला विचारलं, "तुमच्या त्या खोलीत लय थंडी वाजे म्हने इले. स्वेटर कामी पडला का जी मॅडम?"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तोंडदेखलं गोड बोलणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

"अहो, एक दिवस अंगावरून उतरवला नाही तिनं," मी म्हणाले.

आईचा चेहरा उजळला. ती उठली आणि वितीनं माझ्या पाठीचं माप घ्यायला लागली. मी मुकाट्यानं हात पसरून उभी राहिले.